चिपळूणपासून पुढचे सिग्नल

दत्ता, परवा मंडळाच्या पोरांनी तुझ्या आगगाडीचं रंगवलेलं कापड उघडलं. हॉलमधली टेबलं भिंतीला लावून त्यांनी ते जमिनीवर पसरलं. तरी मावेना, म्हणून पनवेल-महाड गुंडाळलेलंच ठेवलं आणि चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत मोकळं केलं. रत्नागिरीच्या जागी उंदरांनी पाडलेलं भोक अजून तसंच आहे. मांजरपाटाला खळ लाव म्हणजे रंग फुटणार नाही, हा सल्ला माझा. मिलमधल्या साचेवाल्याला दुसरं सुचणार काय? खळ उंदरांना आवडते हे आपल्याला, सगळा जन्म कापडात काढून, ठाऊक नव्हतं. ते भोक पहिल्यांदा बघितलंस तेव्हा तू कपाळाला हात लावून म्हणालास, "रत्नागिरी खाल्ली मेल्यांनी. हापूसपण ठेवल्यानी नाय."

रोहन, मंडळाचा आताचा सेक्रेटरी, तुझी ती इंजिनाची लाकडी केबिन आणि हे कापड हॉलमध्ये कायमचं मांडणार आहे. त्याच्याखाली लावायला त्यानं एक मजकूर टाईप करून आणला होता. त्यानं मला वाचून दाखवलं: चिपळूणपासून पुढे सिग्नलचे रंग उलटे आहेत, कारण दत्ताकाकांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नसे, तरी त्यांनी हट्टानं स्वतःच रंगवले.

"बरोबर आहे ना काका? तुम्हीच सांगता नेहमी."

मीच सांगतो. चाळीत नवीन कोणी राहायला आलं, कुणाच्या लग्नात पंगतीला जागा मिळायला वेळ लागला, की हा किस्सा मी सांगत आलो, आणि तू तिथं असलास तर माझ्याबरोबर हसत आलास. परवा मला 'हो' म्हणता आलं नाही. रोहनला वाटलं, मला भरून आलंय. त्यानं पाणी आणून दिलं.

म्हणून आज तुला लिहितोय. काल तुझी शोकसभा झाली. तिथं मी जे बोललो आणि त्यानंतर जे घडलं, ते तुला कळायला हवं. पण ते पहिल्यापासूनच सांगावं लागेल, कारण काही गोष्टी आपण दोघांनी कधी तोंडातून काढल्याच नाहीत.

तुला रेल्वेत ड्रायव्हर व्हायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि तू नापास झालास. हे तू घरी कुणाला सांगितलं नाहीस. "जागा भरल्या" म्हणालास आणि मिलच्या मेकॅनिक खात्यात फिटर म्हणून लागलास. मला सांगितलंस, तेही भायखळ्याच्या पुलावर खालून इंजिन जात असताना, आवाजात आवाज मिसळून. "गजा, माका लाल आणि हिरवा सारखाच दिसता. चिखलासारखा. कोणाक सांगू नको." आपण तेव्हा विशीत होतो. त्याच पुलावर मी शब्द दिला.

संप सुरू झाला आणि सगळ्यांनाच दुपारी काय करायचं हा प्रश्न पडला. मिलचा भोंगा नाही, पाळी नाही. अर्धी चाळ गावाला गेलेली. उरलेले पत्ते कुटत, नाहीतर एकमेकांवर खेकसत बसायचे. तू गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पॅकिंगच्या खोक्यांची फळकुटं जमवायला लागलास. सुलभावहिनींचं शिलाई मशीन बंद पडलेलं, त्याची मोटर काढलीस. तिला पंख्याचा जुना गोल रेग्युलेटर जोडलास. रेग्युलेटर एकेक खटका फिरवला की मोटर एकेक पायरीनं जोर धरायची, दोन रोलरवरून कापड सरकायचं, आणि स्टुलावर बसलेल्या माणसाला खिडकीच्या चौकटीतून समोरून रूळ येताना दिसायचे. पहिल्यांदा मी बसलो तेव्हा खरंच पाय दाबून धरले होते.

"कुठली गाडी करायची?" मी विचारलं.

"सावंतवाडी."

"सावंतवाडीला गाडी कुठाय?"

"सरकार नेईल तेव्हा नेईल. आपण आधी नेऊ."

रूळ आपण टाकले ते एसटीच्या रस्त्यावर, कारण आपल्याला तोच माहीत. त्यामुळे आपली गाडी हातखंब्याला चहाला थांबायची. जगात कुठली रेल्वे चहाला हातखंब्याला थांबते? आपल्या कापडावर एकसुद्धा बोगदा नव्हता. पुढे खरी गाडी सुरू झाली तेव्हा आपण दोघं हौसेनं गेलो, आणि निम्मी वाट काळोखातून गेली. तू खिडकीला नाक लावून बसला होतास. कणकवलीला म्हणालास, "आपली लाईन बरी होती रे. सगळा दिसत होता."

झाडं, नद्या, स्टेशनं तू पेन्सिलीनं काढायचास. रंग मी भरायचो. मंडळाचे फलक मीच रंगवायचो, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सिग्नलला तू हात लावायचा नाहीस. माझी तिथली गरज फक्त आपल्या दोघांना माहीत होती.

आणि मग मी जायचा बंद झालो.

कारणं सांगत बसत नाही. घर कुणाचं चालत होतं? तुझंही नव्हतं. वहिनी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत होत्या. मला एकानं विचारलं, दुसऱ्या भागातली एक मिल आतून थोडी सुरू केलीय, कापड विणायला साच्यावर माणसं हवीत, बंद टेम्पोतून नेतात, कुणाला दिसत नाही. मी गेलो. अँटॉप हिलला सरकारी वसाहतीच्या मागं टेम्पो उभा राहायचा. आपल्या घोडपदेवचं कोण तिथं मरायला येणार, असा माझा हिशेब. घरी सांगायचो, दत्ताच्या गाडीसाठी सामान बघायला दारूखान्यात जातो. जुनी जहाजं फोडून त्यांचा माल तिथं विकायला असायचा, तेव्हा ते पटण्यासारखं होतं. आत त्या रिकाम्या खात्यात सात-आठ साचे चालत. हजार साच्यांचा आवाज कानाला कळत नसे. आठांचा कळायचा. प्रत्येक धोटा मोजता यायचा.

तुझी बहीण अँटॉप हिलला दिली होती, हे मी कसं विसरलो?

तू मला टेम्पोतून उतरताना पाहिलंस. तू हाक मारली नाहीस. मीही थांबलो नाही. तसाच चालत राहिलो. रात्र कशी काढली ते सोडून देतो. दुसऱ्या दिवशी परत येताना रे रोडच्या पुलाच्या तोंडाशी तू उभा होतास. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"ह्या घे."

"काय आहे?"

"जहाजाचा गेज. तू दारूखान्यातून येतंस ना? मग हात रिकामे कसे?"

"दत्ता, ऐक..."

"माका काय सांगू नको. नीट धर. काच आसा."

आणि तू पुढं निघून गेलास. मी तो वाफेचा दाब दाखवणारा पितळी गेज मिरवत चाळीत शिरलो. बाबली खाली पायरीवर बसला होता. संपाच्या कमिटीतला बाबली, ज्याच्या नजरेला सगळी चाळ टरकून असायची. त्यानं गेज हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "काय नजर आहे रे गजा तुझी!"

त्यानंतर रोज. कधी व्हॉल्व्हचं चाक, कधी जहाजावरची बोलायची नळी, कधी मुठीएवढी घंटा. भंगारवाल्यांची किरकोळ कामं करून तू त्या वस्तू मिळवायचास आणि पुलाच्या तोंडाशी माझ्या हातात द्यायचास. तुझ्या डोळ्यांत काय होतं ते बघायची माझी हिंमत झाली नाही. तू संपाचा कट्टर माणूस. संप फोडणाऱ्या माझ्यासारख्यांना काय म्हणतात ते तू मोर्च्यात ओरडून म्हटलेलं मी ऐकलं होतं. तरी रोज उभा राहिलास. आजही लोक त्या केबिनमधलं पितळ बघून माझं कौतुक करतात. त्यातला एक तुकडा मी आणलेला नाही.

पण नुसत्या पितळानं भागणार नव्हतं. आपण दोघं गच्चीवर काम करतोय असं चाळीला वाटायचं तर कापड वाढताना दिसायला हवं होतं. रंगवलेला पट्टा वाळवायला आपण गॅलरीच्या कठड्यावर टाकायचो आणि बायका विचारायच्या, "कुठवर आली गाडी?" मी नसताना गाडी चिपळूणला थांबली असती, तर बाबलीनं दोन दिवसांत विचारलं असतं, गजा करतो काय? म्हणून तू ब्रश उचललास. दिसत नसताना. मी नीट सांगतो, कारण हेच मी सगळ्यांपासून लपवलं: तू हट्टानं रंगवलं नाहीस. मला वाचवायला रंगवलंस.

गणपतीच्या आधी मी जाणं सोडलं. पश्चात्तापानं नव्हे. टेम्पोवर दगड आले म्हणून.

त्या वर्षी मंडळाकडं देखाव्याला काही नव्हतं. मूर्तीच्या बाजूला तुझी गाडी मांडली. काय गर्दी झाली होती, आठवतंय? पोरं राहिली बाजूला, म्हातारेच रांगेत. जो तो आपलं स्टेशन यायची वाट बघत. खालच्या मजल्यावरच्या राजापूरच्या काकी तर भांडायलाच उभ्या राहिल्या.

"राजापूरला थांबत नाय म्हणजे काय? मग वर्गणी कशाला घेतली?"

"काकी, एक्स्प्रेस आहे ती," मी म्हणालो.

"एक्स्प्रेस तुझ्या घरात ने. थांबव आधी!"

तू ब्रेकचा दांडा ओढलास, सायकलच्या पंपानं फुस्स आवाज काढलास आणि राजापूरला गाडी थांबवलीस. काकी शांतपणे बघत राहिल्या. मागच्यांनी ढकललं तेव्हा हलल्या.

मग बाबली स्टुलावर बसला. पनवेल गेलं, महाड गेलं. चिपळूण सुटलं आणि तो मोठ्यांदा हसला. "अरे दत्त्या, प्लॅटफॉर्मला गाडी उभी आणि सिग्नल हिरवा? आणि मोकळ्या रानात लाल? हा पण लाल! गाडी चालवायची की संप करायचा?" सगळे हसले. मीही. मग त्यानं मान वळवली. "पण गजा, रंग तर तू भरतोस ना? ह्या वेळी तू खंय होतंस?"

त्यानं सहज विचारलं असेल. मला ते सहज वाटलं नाही. मंडपात शंभर माणसं, सगळे संपातले. मी तुझ्याकडं बघितलं. मला काय सुचतंय त्याची तू वाट बघत होतास. काहीही सांगता आलं असतं. रंग संपला होता, ऊन लागलं होतं, घाईत चुकलं. मी म्हणालो, "मी दारूखान्यात होतो. ह्याला सांगितलेलं हात लावू नको म्हणून. ऐकतोय कुठं? ह्याला लाल-हिरवं दिसतच नाही."

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग हसू फुटलं. रंग न दिसणारा इंजिन ड्रायव्हर! बाबली स्टुलावरून घसरायच्या बेतात. तू माझ्याकडं पाहिलंस. फार वेळ नाही. मग घंटा वाजवलीस आणि म्हणालास, "होय, दिसत नाय. चला, पुढचो ड्रायव्हर कोण?"

माझं गुपित तू महिनाभर पाठीवर वाहिलंस. तुझं मी एका वाक्यात विकलं.

पोरं तुला 'लाल-हिरवा' म्हणायला लागली, ते तू हसून घेतलंस. पण चाळीतलाच एकजण तुला लिफ्टच्या कारखान्यात चिकटवून देणार होता, ते त्यानं गुंडाळलं. वायरिंगचं काम, रंग कळत नसतील तर जोखीम कोण घेणार? त्याचंही चुकलं नाही. संप न मिटताच विरून गेला, मिल उघडली तेव्हा तुझं नाव आत नव्हतं, माझं होतं. तू जिन्याखाली स्टोव्ह आणि मिक्सर दुरुस्त करत बसलास, ते पार शेवटपर्यंत. संपाबद्दल वाद निघाला की मी म्हणायचो, काय मिळवलं आपण? तू म्हणायचास, "हरलो म्हणजे चुकलो नाय." पुढे बोलायचं ते तू बोलला नाहीस. तू एकदा जरी म्हणाला असतास, 'तुका बोलायचो अधिकार काय?', तर बरं झालं असतं. हा वाद अर्धाच राहिला, दत्ता, कारण तू मला नेहमी सोडून दिलंस.

तुझ्या मुलानं जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि त्यात आगगाडी चालवायचा खेळ निघाला, तेव्हा तू पुन्हा पंचविशीतला झालास. माऊसनं गाडी चालवायची म्हणजे पळीनं विहीर उपसायची, म्हणालास. कीबोर्ड उघडून आतली पट्टी काढलीस, एकेका बटणाच्या वायरी केबिनमधल्या दांड्याला नेल्यास. दांडा एक खटका पुढं, की कॉम्प्युटरला वाटायचं बटण दाबलं. तोच पंख्याचा रेग्युलेटर, तेच पितळ. फक्त कापडाच्या जागी पडदा. वायरी रंगीत होत्या, आणि तू कुणालाही न विचारता मला हाक मारलीस. रविवारी सकाळी मी यायचो, चष्मा लावून तुझ्या शेजारी बसायचो. "हा लाल. हा हिरवा. हा तपकिरी." तू प्रत्येकीला वेगळी गाठ मारायचास. माझ्या म्हातारपणातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी त्या. तुझ्या घरातली आंबोळी, तुझ्या शिव्या, आणि तू गाडी प्लॅटफॉर्मच्या पुढं नेलीस की मी म्हणायचं, उतरा आता, चालत मागं या.

अशाच एका रविवारी मी म्हणालो, "दत्ता, त्या गणपतीत मी..."

"ह्यो रंग खंयचो, सांग."

"हिरवा. पण ऐक ना..."

"हिरवो ना? मग झाला."

मी पुन्हा विषय काढला नाही. तुला नको होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला सोयीचं होतं.

काल हॉल भरला होता. रोहननं मला बोलायला उठवलं आणि मी सगळं सांगितलं. टेम्पो, पूल, गेज, मंडप. मला वाटलं होतं, गलका होईल. पोरं शांतपणे ऐकत होती. एकजण म्हणाला, "काका, तेव्हा परिस्थितीच तशी होती." दुसऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना मी काय केलं ते समजलंच नाही, दत्ता. त्यांच्यासाठी कामावर जाणं म्हणजे कामावर जाणं. बाबली पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. आता त्याला धरून उठवावं लागतं. जाताना त्यानं नातवाला माझ्यापाशी थांबवलं, माझ्याकडं न बघता म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंस तर मारलं असतं तुका," आणि गेला. खरं सांगू? त्याचं ते वाक्यच तेवढं मला माझं वाटलं.

पण हे तुला सांगायचं नव्हतं. सांगायचं ते पुढचं आहे.

सगळे पांगल्यावर सुलभावहिनी तिथंच बसून होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी शेजारची खुर्ची बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "भावजी, रंगाचे डबे मी हलवले होते."

"कुठले डबे?"

"गच्चीवरची खोली झाडताना. ते ओळीनं मांडून ठेवायचे. मला काय माहीत, जागेवरून ओळखतात म्हणून? त्यांना दिसत नाही हे मला त्या मंडपात, तुमच्या तोंडून कळलं. नवऱ्याचं. शंभर माणसांत."

"वहिनी..."

"त्या दिवसापासून मी धरून चालले, माझ्यामुळं झालं. माझ्यामुळं हसले लोक, माझ्यामुळं ती लिफ्टची नोकरी गेली. त्यांना विचारलं एकदा, मी डबे हलवले म्हणून ना हो? तर म्हणाले, जाऊ दे. एवढंच. जाऊ दे." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "जाऊ दे म्हणजे हो, असंच समजले मी. तुमचं नाव निघू नये म्हणून ते माझ्यापाशीसुद्धा बोलले नाहीत?"

दत्ता, हे तू बरोबर केलं नाहीस. इतकी वर्षं मी तुझ्यापुढं मान खाली घालून वावरलो, आज पहिल्यांदा तुझ्याशी भांडतोय. मला वाचवायचं ते वाचवायचं होतंस, चार लोकांत, बाबलीपासून. पण घरात, चुलीपुढं, त्या बाईनं विचारलं तेव्हा माझं नाव घ्यायला हवं होतंस. मी इतका मोलाचा नव्हतो रे. तिच्यापेक्षा तर नव्हतोच. आणि हे तुला ओरडून सांगायचं तर तू आता भेटत नाहीस. म्हणजे हाही वाद तू अर्धाच ठेवलास.

वहिनी उठल्या. पदर खोचला. म्हणाल्या, "लोकांना सांगितलंत ते लोकांना. मला उद्या दुपारी येऊन सांगा. पहिल्यापासून. मध्ये मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचं, आणि त्यांच्यासारखं जाऊ दे म्हणायचं नाही."

मी येतो म्हणालो.

त्या काय विचारतील त्याची मला भीती वाटते. तू मला का वाचवलंस, हे त्या विचारणारच, आणि ते मला माहीत नाही. तुला विचारायचं धाडस केलं नाही, आता अंदाजानं बोलायचं नाही असं ठरवलंय. माहीत नाही, असंच सांगीन. दुपार झाली. तुझ्या घराचं दार उघडं दिसतंय इथून. जिना चढायला मला वेळ लागतो, म्हणून आत्ताच निघतो.